क्रीटमधला वसंत: ईस्टरची तारीख आणि वाऱ्याची दिशा बघून आखा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याचं कुटुंब, नवरा-बायको आणि सहा वर्षांची मुलगी, फेब्रुवारीच्या अखेरीस ग्रीसमधल्या क्रीट बेटावर हेराक्लिओनला राहायला निघालंय. एकाला तिथल्या संशोधन संस्थेत दोन वर्षांचं काम मिळालंय. घरात पूर्ण शाकाहार. मार्च ते मे या काळात घर, खाणं आणि फिरणं कसं आखावं, सोबत काय न्यावं, आणि एप्रिलमध्ये सँटोरिनी, मेमध्ये इटली असा बेत जमेल का?

बेत जमेल, फक्त तापमानाच्या तक्त्यावरून आखू नका. तक्त्यात सगळं गोडच दिसतं. हेराक्लिओनला दुपारचं तापमान मार्चमध्ये १७ अंशांच्या आसपास, एप्रिलमध्ये २०, मेमध्ये २४. पाऊस एप्रिलपासून झपाट्यानं ओसरतो. पण या तीन महिन्यांचा कारभार चालतो दोनच गोष्टींवर: त्या वर्षीचा ऑर्थोडॉक्स ईस्टर कधी आहे, आणि वारा कुठून वाहतोय. दुकानं, बस, बोटींची वेळापत्रकं, सरकारी टेबलं, हॉटेलांचे दर पहिल्या गोष्टीवर हलतात. बोट सुटणार का, विमान उतरणार का, कपडे बाहेर वाळत घालायचे का, हे दुसरी ठरवते.

आधी ईस्टर. ग्रीक ईस्टरची तारीख आपल्या कॅलेंडरवर छापलेल्या ईस्टरशी जुळेलच असं नाही. २०२६ मध्ये पाश्चात्त्य ईस्टर ५ एप्रिलला आणि ग्रीक १२ एप्रिलला. २०२७ मध्ये २८ मार्च आणि २ मे, म्हणजे थेट पाच आठवड्यांचा फरक. २०२८ मध्ये दोन्ही १६ एप्रिललाच येतात. ही तारीख कळली की बाकीचं त्यावरून मोजायचं. ४८ दिवस मागे गेलात की येतो ‘काथारा देफ्तेरा’, म्हणजे स्वच्छ सोमवार. त्या दिवशी उपासाचा काळ सुरू होतो, सार्वजनिक सुट्टी असते, लागाना नावाचा चपटा तीळ लावलेला पाव फक्त त्याच दिवशी भट्टीतून निघतो आणि लोक मोकळ्या जागी पतंग उडवतात. मांजा आणि काटाकाटी नसते, हे मुलीला आधीच सांगून ठेवा. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, क्रीटमधल्याच रेथिम्नो गावात कार्निव्हलची मोठी मिरवणूक निघते. त्या दिवशी तिथे गाडी घेऊन जाण्याच्या भानगडीत पडू नका, बसनं जा. ईस्टरनंतर ५० दिवसांनी ‘पवित्र आत्म्याचा’ सोमवार येतो. तेव्हाही शाळा आणि सरकारी कार्यालयं बंद असतात.

ईस्टरच्या आधीचा आठवडा सरकारी कामांसाठी गेलाच म्हणून समजा. कागदोपत्री सुट्टी फक्त शुक्रवार आणि पुढचा सोमवार, पण कर्मचारी रजा जोडून घेतात आणि शाळा दोन आठवडे बंद असतात. गुड फ्रायडेला दुकानं दुपारनंतर उघडतात, रविवार-सोमवार सगळं बंद. शनिवारी दुपारपर्यंत तीन दिवसांचा किराणा आणि नेहमीची औषधं घरात हवीत. औषधांच्या दुकानांची पाळी लागलेली असते. बंद दुकानाच्या दारावर त्या दिवशी कुठलं दुकान उघडं आहे त्याचा कागद चिकटवलेला असतो.

शनिवारी मध्यरात्री ‘ख्रिस्तोस आनेस्ती’, म्हणजे ‘ख्रिस्त उठला’चा गजर झाला की क्रीटमध्ये नुसत्या मेणबत्त्या पेटत नाहीत. चर्चच्या आवारात लाकडांचा मोठा ढीग रचून त्यावर ज्यूडासचा पुतळा जाळतात आणि फटाक्यांचा दणदणाट होतो. खेड्यांत हवेत गोळीबाराचीही खोड आहे. मुलीला घेऊन बघायचं असेल तर शहरातलं मोठं चर्च बरं, वारा पाठीमागून येईल अशा बाजूला उभं राहा, नायलॉनची जाकिटं घालू नका.

या काळात बोटी भरतात त्या अथेन्सहून क्रीटकडे येणाऱ्या. बुधवार ते शुक्रवार अथेन्सच्या पिरेअस बंदरातून हेराक्लिओनकडे गावी जाणाऱ्यांची रीघ लागते, सोमवार-मंगळवारी तीच उलटी वाहते. पिरेअस–हेराक्लिओन हा रात्रीचा प्रवास, साधारण नऊ तासांचा. पहिल्यांदा केबिन संपतात, मग गाडी ठेवायची जागा, साधी तिकिटं मात्र शेवटपर्यंत मिळतात. तुम्ही उलट दिशेनं गेलात, म्हणजे पवित्र गुरुवारी क्रीटहून अथेन्सला आणि पुढच्या गुरुवारी परत, तर गर्दी तुमच्या विरुद्ध बाजूला राहते. अथेन्स त्या दिवसांत रिकामं असतं आणि ईस्टरचा रविवार सोडला तर मोठी स्थळं बघता येतात, गुड फ्रायडेला तेवढी उशिरा उघडतात.

१ मेची वेगळीच गंमत. त्या दिवशी कामगार संघटनांच्या संपामुळे बोटी सहसा बंदरातच राहतात, शहर बसचा भरवसा नसतो आणि सरकारी पुराणस्थळं व संग्रहालयं बंद असतात. शिवाय १ मे पवित्र आठवड्यात आला तर सरकार ती सुट्टी पुढे ढकलतं. २०२१ मध्ये ईस्टर २ मेला होता, तेव्हा ती ४ मेला गेली. २०२४ मध्ये ७ मेला. २०२७ मध्येही ईस्टर २ मेलाच आहे, त्यामुळे त्या आठवड्यातलं कुठलंही परत न मिळणारं तिकीट काढण्याआधी घोषणेची वाट बघा. २५ मार्चलाही पुराणस्थळं बंद असतात, शहरात संचलन असतं. उलट ६ मार्च, १८ एप्रिल आणि १८ मे या तीन दिवशी सरकारी स्थळांना प्रवेश मोफत. मार्चअखेरपर्यंत महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारीही मोफत असतो. हेराक्लिओनजवळचा क्नोसोसचा प्राचीन राजवाडा तेव्हाच पाहून घ्या. एप्रिलपासून वेळ वाढते, पण क्रूझची माणसंही वाढतात. सकाळी आठला दार उघडताना आत शिरायचं, दहाच्या आत राजवाडा पाहून बाहेर पडायचं आणि उन्हाच्या वेळी शहरातल्या पुरातत्त्व संग्रहालयात जायचं. उलट क्रम केलात तर सिंहासनाच्या खोलीसमोर रांगेत ताटकळाल.

आता कागदपत्रं, कारण इटलीचं उत्तर त्यात आहे. ग्रीसचा ‘डी’, म्हणजे दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा निवास परवान्याचं कार्ड हातात असेल तर ग्रीसमधले दिवस ९०च्या हिशेबात धरले जात नाहीत. बाकी शेंगेन देशांत मात्र कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच. इटलीची आठ दिवसांची सहल यात आरामात बसते. अडचण येते ती व्हिसा संपल्यावर आणि कार्ड हातात पडण्याआधी. अर्ज दिला की ‘व्हेव्हेओसी’ नावाचा कागद मिळतो. त्यावर ग्रीसमध्ये राहणं आणि काम करणं कायदेशीर आहे, पण तो दाखवून दुसऱ्या शेंगेन देशात जाता येत नाही. पुण्याला जाऊन परत येतानाही विमान कंपनी हा कागद बघून अडवू शकते. ईस्टर, उन्हाळा आणि नाताळच्या सुमारास अशा लोकांना देशाबाहेर जाऊन परत येण्याची तात्पुरती मुभा सरकारनं वेळोवेळी दिली आहे, पण ती त्या-त्या वर्षीच्या परिपत्रकाची गोष्ट आहे, हक्क नाही. म्हणून इटली मेमध्ये ठरवताना आधी व्हिसावरची शेवटची तारीख बघा. व्हिसा चालू असतानाच जाऊन येता आलं तर उत्तम, नाहीतर कार्ड मिळाल्यावर. मधल्या काळात ग्रीसच्या आत फिरा, तेवढं वर्षभर पुरेल.

बाकी कागदांचा क्रम: आधी करक्रमांक, म्हणजे ‘आफिमी’, मग भाडेकरार, मग वीज नावावर, आणि सामाजिक सुरक्षा क्रमांक, ‘आम्का’. भाडेकरार नुसता सही करून चालत नाही. घरमालकानं तो कर विभागाच्या पोर्टलवर चढवायचा आणि तुम्ही आपल्या लॉगिननं मान्य करायचा. ते झालं नसेल तर पुढच्या प्रत्येक खिडकीवर तो कागद रद्दी आहे. राहत्या घराचा करार कायद्यानं किमान तीन वर्षांचा धरला जातो, कागदावर कमी लिहिलं असलं तरी. तरीही पर्यटनाच्या गावांत ‘सप्टेंबर ते जून’ अशी घरं सर्रास दाखवतात, कारण उन्हाळ्यात तीच खोली रात्रीच्या दरानं जाते. खानिया आणि रेथिम्नोमध्ये हा प्रकार जास्त. हेराक्लिओन नोकरदारांचं आणि विद्यार्थ्यांचं शहर आहे, तिथे बारमाही घर मिळणं त्यामानानं सोपं. ‘उन्हाळ्यात घर रिकामं करावं लागेल का?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत तोंडावर विचारा आणि उत्तर करारात उतरवून घ्या.

विजेचं बिल पाहून दचकू नका. त्यात विजेसोबत नगरपालिकेचं शुल्क आणि सरकारी प्रसारण संस्थेचं शुल्कही असतं. वीज नावावर करताना मीटरचा ‘परोखी’ क्रमांक आणि त्या दिवशीचं रीडिंग लागतं. किल्ली घेतानाच मीटरचा फोटो काढून ठेवा, म्हणजे आधीच्या भाडेकरूच्या हीटरचे पैसे तुमच्या माथी येत नाहीत. इमारतीचा मेंटेनन्स, ‘किनोख्रिस्ता’, वेगळा. त्यात सामाईक तेलाचं हीटिंग असेल तर हिवाळ्यात रक्कम फुगते.

घर निवडताना सर्वात आधी ओल बघा. बाहेर १५ अंश आणि आत अंगात हुडहुडी, हा क्रीटच्या मार्चचा नेहमीचा अनुभव. भिंती काँक्रीटच्या, फरशी संगमरवरी नाहीतर टाइलची, जुन्या इमारतींना इन्सुलेशनचा पत्ता नाही. खोलीत १८ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर १२-१३ अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी सुटतं. उत्तरेकडच्या भिंतीचा कोपरा, कपाटाची पाठ, खिडकीची ॲल्युमिनियमची चौकट या जागा रात्री हमखास तेवढ्या गार होतात. त्यात आपला स्वयंपाक: कुकरच्या शिट्ट्या, उकळती आमटी, घरातच वाळणारे कपडे. दोन आठवड्यांत कपाटामागे काळे ठिपके दिसायला लागतात. म्हणून घर बघायला गेलात की कपाट भिंतीपासून ओढून मागे हात फिरवा, पलंग उचलून कोपरा बघा. ताजा पांढरा रंग एकाच भिंतीला दिलेला असेल तर कारण विचारा.

उपाय साधे आहेत, पण रोज करावे लागतात. सकाळी दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडायच्या. दिवसभर एक खिडकी फटीएवढी ठेवून उपयोग नाही, भिंत तेवढी गार होते. कपाटं भिंतीपासून पाच-सात सेंटिमीटर पुढे. आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र घ्या आणि डीह्युमिडिफायरनं ती ५०-५५ टक्क्यांवर ठेवा. गरम करायला इन्व्हर्टर एसी तेलाच्या रेडिएटर-हीटरपेक्षा कितीतरी कमी वीज खातो. इमारतीत तेलाचं हीटिंग असेल तर लक्षात ठेवा, कमी कराचं हीटिंगचं तेल १५ ऑक्टोबर ते ३० एप्रिल एवढंच विकलं जातं. मार्चमध्ये टाकी तळाला गेली की शेजारी ‘आता कशाला भरायचं’ म्हणतात आणि थंडी मात्र एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत रेंगाळते. ‘आफ्तोनोमिया’, म्हणजे आपल्यापुरतं हीटिंग चालू-बंद करायची सोय असलेलं घर त्यामुळेच जास्त सोयीचं.

गच्चीवरचा सोलर म्हणजे ‘इलियाकोस’. मेपासून तो एकटा पुरतो. मार्चमध्ये दोन ढगाळ दिवस सलग आले की पाणी कोमट होतं. त्यासाठी विजेच्या पेटीत वेगळी कळ असते. आंघोळीच्या अर्धा-पाऊण तास आधी लावायची आणि आठवणीनं बंद करायची. ती चोवीस तास चालू ठेवणं हे नव्या कुटुंबाच्या पहिल्या मोठ्या बिलाचं सर्वात नेहमीचं कारण.

आणि आवाजाचं. १ एप्रिलपासून दुपारी ३ ते साडेपाच आणि रात्री ११ ते सकाळी ७ या शांततेच्या वेळा आहेत, त्याआधी हिवाळ्याच्या वेळा थोड्या वेगळ्या. दुपारी साडेतीनला मिक्सरवर चटणी वाटलीत तर शेजारचे आजोबा दार ठोठावतील आणि नियम त्यांच्या बाजूनं असेल. दुकानंही याच लयीत चालतात. सुपरमार्केट सोडून बाकीची दुकानं सोमवार, बुधवार, शनिवार दुपारपर्यंतच, आणि मंगळवार, गुरुवार, शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा उघडतात.

आता वारा. उन्हाळ्यातला उत्तरेचा ‘मेल्तेमी’ सगळ्यांना माहीत असतो, वसंतात मात्र सांभाळायचा तो दक्षिणेचा ‘नोतियास’. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून कमी दाबाचे पट्टे सरकताना तो लिबियन समुद्र ओलांडून येतो आणि डोंगर चढून उत्तर उतारावर कोरडा, तापलेला उतरतो. हेराक्लिओन नेमकं त्या उताराच्या पायथ्याशी. म्हणून मार्च-एप्रिलमध्येही एखाद्या दिवशी पारा अचानक तिशीपार जातो आणि दुसऱ्या दिवशी पंधरावर येतो. सोबत सहाराची धूळ येते. एप्रिल २०२४ मध्ये तिनं अथेन्सचं आकाश नारिंगी केलं होतं, क्रीट तर त्याहून जवळ. नंतर पाऊस पडला तर तो चिखलाचाच असतो. बाल्कनी, गाडी, वाळत घातलेल्या चादरी सगळं तपकिरी.

हवामान अंदाजात ‘अफ्रिकानिकी स्कोनी’, म्हणजे आफ्रिकी धूळ, हे शब्द दिसले की कपडे आत, खिडक्या बंद, बाल्कनीच्या मोरीतली पानं काढलेली. धूळ बसल्यावर आधी कोरडा झाडू, मग पाणी. उलट केलंत तर चिकट गाळ होतो आणि मोरी तुंबते. एसीची जाळी त्या आठवड्यात धुवा, सोलरची काचही पुसून घ्या. दमा असेल तर त्या दिवशी बाहेरचं फिरणं रद्द. पापड-कुरडयांची वाळवणं घालायची हौस असेल तर मे अखेरपर्यंत थांबा. त्याआधी घातलेली वाळवणं सहाराच्या मातीसकट खावी लागतील.

बोटींच्या बाबतीत बोफोर्टचा, म्हणजे वाऱ्याचा जोर सांगणारा आकडा वाचायला शिका. मोठ्या बोटींना साधारण ८ बोफोर्टला, म्हणजे ताशी ६२ किलोमीटरच्या पुढे वारा गेला की, बंदरातून सुटायला बंदी येते. वेगवान हलक्या बोटी त्याआधीच थांबतात. सँटोरिनीला हेराक्लिओनहून जाणारी वेगवान बोट दोन तासांच्या आसपास घेते, पण ती हंगामी आहे आणि एप्रिलमध्ये फेऱ्या मोजक्या. म्हणून एप्रिलमध्ये जायचंच असेल तर तीन नियम: परतीच्या बोटीनंतर एक पूर्ण रिकामा दिवस ठेवायचा; त्याच दिवशीचं जोडविमान काढायचं नाही; आणि मुलीला उलटीची गोळी बोट सुटायच्या तासभर आधी द्यायची, हलायला लागल्यावर नाही. गोळी आणि मात्रा वयानुसार डॉक्टर किंवा औषध दुकानदाराकडून घ्या. हवामानामुळे फेरी रद्द झाली तर पैसे परत किंवा दुसऱ्या फेरीवर जागा मिळते, पण हॉटेलचं तुमचं तुम्ही बघायचं. तुमच्या जागी सँटोरिनी मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात ठेवणं शहाणपणाचं, ईस्टरच्या आठवड्यात तर मुळीच नको.

खाण्याच्या बाबतीत तुम्ही नशीबवान वेळेला जाताय. ईस्टरच्या आधीच्या सात आठवड्यांत उपासाचं जेवण, ‘निस्तीसिमो’, सगळीकडे मिळतं: मांस नाही, अंडी नाहीत, दूध-लोणी-चीज नाही. बेकरीतही पाट्या लागतात. पण इथेच शाकाहारी माणूस फसतो. ग्रीक उपासाला रक्त नसलेले समुद्री जीव चालतात. ऑक्टोपस, माखली, कोळंबी, शिंपले सगळे निस्तीसिमोच. क्रीटमध्ये गोगलगायीही. ‘तारामोसालाता’ नावाची गुलाबी चटणी माशांच्या अंड्यांची असते आणि स्वच्छ सोमवारी प्रत्येक ताटात असते. म्हणून नुसतं ‘निस्तीसिमो आहे का?’ विचारून भागत नाही. ‘खोरीस क्रेआस, खोरीस प्सारी, खोरीस थालासिना’, म्हणजे मांस, मासे आणि समुद्रातलं काहीही नको, असं म्हणा. शाकाहारी या अर्थाचा ‘होर्तोफागोस’ हा शब्द शहरात समजतो. खेड्यात त्याच्या जोडीला वरचं वाक्यही लागतं, आणि कोंबडीही नको हे वेगळं सांगावं लागतं, कारण कोंबडीला ‘क्रेआस’ न समजणारे लोक तिथेही आहेत.

डोळे मिटून मागवता येतील असे पदार्थ: ‘फावा’ (हे तर घट्ट वरणच, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल), ‘यिगांतेस’ म्हणजे टोमॅटोतले मोठे पांढरे घेवडे, तेलात शिजवलेल्या भाज्या ‘लादेरा’, भात भरलेली द्राक्षाची पानं ‘यालांजी’, उकडलेला रानभाजीचा ढीग ‘होर्ता’. भरले टोमॅटो ‘येमिस्ता’ मागवताना खिमा नसल्याची खात्री करा, ‘ऑर्फाना’ म्हणालात तर बिनमांसाचे येतात. ईस्टरच्या सुमारास घरोघर मिझिथ्रा चीज भरलेल्या छोट्या पेस्ट्री, ‘कालित्सुनिया’, होतात, त्यांत अंडं असतं. चीजबद्दल काटेकोर असाल तर ग्राव्हिएरासारख्या पारंपरिक चीजमध्ये प्राण्याच्या पोटातलं विरजण वापरतात, हे माहीत असू द्या.

आठवडी बाजाराला ‘लाइकी’ म्हणतात. खानियाचा शनिवारचा बाजार पूर्वेकडच्या तटबंदीशेजारी मिनोस रस्त्यावर भरतो. हेराक्लिओनला वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या वारी असतात, आपल्या गल्लीचा वार शेजाऱ्याला विचारा. मार्च-एप्रिलमध्ये आर्टिचोक, ओले बाकला, म्हणजे ब्रॉड बीन्स (‘कुकिया’), बडीशेपेची पानं, पातीचा लसूण आणि ‘स्तामनागाथी’ ही कडवट, महाग रानभाजी. आर्टिचोक घेताना देठ वाकवून बघा. कट्कन मोडला तर ताजा, लवला तर शिळा. बाहेरची पानं फिकट हिरवा रंग लागेपर्यंत तोडायची, टोकाचा एक तृतीयांश भाग कापायचा, मधली लव चमच्यानं खरवडायची आणि चिरल्याबरोबर लिंबू पिळलेल्या पाण्यात टाकायचा, नाहीतर दोन मिनिटांत काळा पडतो. कोवळा असेल तर क्रीटमध्ये कच्चाच लिंबू-मीठ लावून खातात. दुपारी दीडनंतर बाजारात भाव पडतात, पण रानभाज्या तोवर माना टाकतात.

ओल्या बाकल्याबद्दल एक गंभीर सूचना. घरात कुणाला जीसिक्सपीडी या एन्झाइमची कमतरता असेल तर बाकला खाल्ल्यावर लाल रक्तपेशी फुटतात. एक-दोन दिवसांत त्वचा-डोळे पिवळे, लघवी गडद, मूल गळून जातं. ग्रीसमध्ये ही तपासणी नवजात बाळांची करतात, कारण तिथे ही कमतरता बऱ्यापैकी आढळते. भारतातही काही समाजांत आहे आणि तिथे तपासणी सरसकट होत नाही. निघण्याआधी पुण्यात ही एक रक्ततपासणी तिघांचीही करून घ्या.

डाळींपैकी मसूर, छोले, चवळी, वाटाण्याची डाळ सुपरमार्केटमध्ये मिळतात. तूरडाळ, कढीपत्ता, हिंग यांसाठी अथेन्समध्ये ओमोनिया चौकाजवळच्या मेनांद्रू रस्त्याच्या आसपासची आशियाई दुकानं गाठावी लागतात. रवा उत्तम मिळतो, ‘सिमिग्दाली’ जाड आणि बारीक दोन्ही. पोळ्यांसाठी कठीण गव्हाचं पिवळसर पीठ आणि चाळलेलं सालासकटचं पीठ निम्मं-निम्मं मिसळा, अर्धा तास भिजू द्या. क्रीटमध्ये पाइपचा गॅस नाही. शेगड्या विजेच्या, बहुतेक काचेच्या किंवा लोखंडी तव्यांच्या. म्हणून कुकर आणि तवा सपाट बुडाचे हवेत, आणि घरात इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर निरुपयोगी. फुलके फुगवायला कॉफीसाठी वापरतात ती ‘गाझाकी’ नावाची छोटी गॅसची शेगडी सुपरमार्केटमध्ये मिळते. नळकांडं बदलताना खिडकी उघडी आणि आजूबाजूला काही पेटतं नको.

फिरण्यात वसंताचं खरं वैभव जमिनीलगत आहे, समुद्रात नाही. एप्रिलमध्ये पाणी १६-१७ अंशांचं, मे अखेरीस कुठे २० च्या आसपास. मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेर डोंगरउतार फुलतात. स्पिली गावाच्या वर यूस कांबोस नावाचं पठार आहे, तिथे एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात नांगरटीच्या शेतांत रानटी लाल ट्यूलिप उभे असतात आणि कडेच्या गवतात ऑर्किड: माशीसारखा, मधमाशीसारखा दिसणारा ओठ, उंची वीतभर. बांधावरूनच चाला, शेत कुणाच्या तरी मालकीचं असतं, आणि फूल तोडू नका, कंदासकट तर नाहीच.

उंचीचा हिशेब विसरू नका. लसिथी पठार ८४० मीटरवर आहे, निदा पठार १४०० च्या आसपास, आणि प्सिलोरितिसचं शिखर २४५६ मीटर. खाली बिनबाह्यांचे कपडे आणि वर मेपर्यंत बर्फ. सामारियाची घळ नियमानुसार १ मेच्या सुमारास उघडते, पण पाणी जास्त असेल किंवा पाऊस असेल तर बंदच. ओमालोसजवळच्या क्सिलोस्कालोपासून, १२०० मीटरच्या वरून, समुद्रापर्यंत १६ किलोमीटर सगळी उतरण. वेळ पाच ते सात तास, आणि दुखतात ते गुडघे. खालच्या आगिया रुमेलीला रस्ता नाही. संध्याकाळची बोट चुकली की तिथेच मुक्काम. सहा वर्षांच्या मुलीला घेऊन हे करू नका. इम्ब्रोसची घळ आठ किलोमीटरची, दोन-तीन तासांची, तिच्यासाठी तीच बरी. घळ कुठलीही असो, पावसाच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी जाऊ नका. वरून दगड सुटतात, त्यात शेळ्या आणखी भर घालतात.

बेट पूर्व-पश्चिम २६० किलोमीटर लांब, रेल्वे नाही. ‘क्तेल’च्या बस उत्तर किनाऱ्यावर चांगल्या. रेथिम्नो दीड तास, खानिया पावणेतीन तासांच्या आत. दक्षिणेकडे मात्र मेपर्यंत दिवसाला एक-दोन फेऱ्या आणि रविवारी कधी एकही नाही. गाडी भाड्यानं घ्याल तर भारतीय परवान्यासोबत आरटीओकडून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना हवा, तो निघण्याआधीच काढा. कच्च्या रस्त्यावर टायर आणि गाडीचं पोट विम्यात सहसा धरत नाहीत. उत्तरेच्या महामार्गावर मागचा माणूस चिकटला की स्थानिक लोक कडेच्या पट्टीवर सरकून वाट देतात. तुम्ही वळणावर किंवा रात्री ते करू नका, पुढे बंद पडलेली गाडी किंवा सायकल असू शकते.

मुलीसाठी खास: पाइनच्या झाडांखाली फेब्रुवारी ते एप्रिल सुरवंटांची रांग दिसते, एकाच्या शेपटीला दुसऱ्याचं तोंड लावून हात-दोन हात लांब. फांद्यांवर पांढरे जाळ्याचे गोळे म्हणजे त्यांची घरटी. केस अंगाला लागले की भयंकर पुरळ, डोळ्यांत गेले तर दवाखाना. काठीनं डिवचलं तर केस उडतात, म्हणून लांबूनच बघायचं. लागलेच तर चोळायचं नाही, चिकटपट्टी लावून उचलायचे, मग भरपूर पाणी, कपडे वेगळे धुवायचे. उंच गवतातून आल्यावर गुडघ्याच्या मागे आणि केसांत गोचीड बघा. नाक वाहणं, डोळे चुरचुरणं मार्चमध्ये सुरू झालं तर भिंतींच्या फटींत उगवणाऱ्या पारिएतारियाचा संशय घ्या. मेमध्ये सुरू झालं तर ऑलिव्हचा मोहोर, आणि ऑलिव्ह इथे कोट्यवधी आहेत. तातडीला ११२, रुग्णवाहिकेला १६६. फोनवर कर्कश्श आवाजात येणारा ११२ चा संदेश बंद करू नका, पूर, वणवा, भूकंपाच्या सूचना त्यावरच येतात.

सामानात कुकरच्या जास्तीच्या दोन रिंगा आणि शिट्टी, हिंग, आंतरराष्ट्रीय परवाना, जीसिक्सपीडीचा अहवाल, लसीकरणाचं कार्ड, आणि दोन गोल पिनांचे मजबूत अडॅप्टर. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, पन्नास हर्ट्‌झची, त्यामुळे मिक्सर बिनधास्त चालतो. जाड लोकरी कपड्यांनी बॅग भरू नका. घरात घालायला जाड मोजे, सपाता आणि एक पातळ रजई मात्र घ्याच. थंडी बाहेर कमी आणि फरशीतून जास्त येते.